वाचकांचे प्रश्न : यांकीजचे १५८ होमरन भारी की ३०६?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो, त्यामुळे मीपण आता नातवाबरोबर बेसबॉल बघतो. तो म्हणतो न्यू यॉर्क यांकीजची १९२७ ची टीम सगळ्यात भारी. पण मी आकडे बघितले तर त्या वर्षी टीमचे होमरन फक्त १५८, आणि २०१९ ला ३०६! मग जुनी टीम भारी कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, नातवाचं बरोबर आहे. होमरन म्हणजे आपला सिक्सरच समजा, पण नुसता एकूण आकडा बघून चालत नाही, त्या वर्षी बाकीच्यांनी किती मारले ते शेजारी ठेवून बघायचं. १९२७ ला अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मोठ्या दोन लीगपैकी यांकीज खेळतात त्या लीगमध्ये, आठ टीम होत्या, सगळ्यांचे मिळून ४३९ होमरन आणि त्यातले १५८ एकट्या यांकीजचे, म्हणजे सरासरी टीमच्या जवळजवळ तिप्पट. २०१९ ला दोन्ही लीगच्या तीस टीमनी मिळून ६,७७६ मारले, सरासरी पडते २२६ च्या आसपास, मग ३०६ म्हणजे दीडपटसुद्धा नाही. आणि त्याच सीझनला मिनेसोटा ट्विन्सनी ३०७ मारले, एका होमरनने पहिला नंबर हुकला!

हे सगळं सुरू झालं बेब रूथपासून. बॉस्टनने त्याला विकला आणि १९२० ला यांकीजकडे पहिल्याच वर्षी त्याने ५४ मारले, लीगमधल्या बाकी सात टीमपैकी एकीलाही वर्षभरात तेवढे जमले नाहीत. त्याआधी मळलेला, मऊ पडलेला बॉलच वापरत राहायचे, तो लांब जायचा नाही आणि नीट दिसायचापण नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला बॉल लागून वारला, फार वाईट झालं ते, आणि मग मळलेले बॉल पटापट बदलायला लागले.

मला स्वतःला ३० सप्टेंबर १९२७ ची मॅच फार आवडते. यांकी स्टेडियम, समोर वॉशिंग्टनची टीम, नवापैकी आठवी इनिंग, स्कोर २-२, आणि टॉम झॅकरीचा बॉल रूथने उजवीकडच्या लाइनला धरून स्टँडमध्ये घातला, सीझनचा साठावा, मॅच ४-२ ने खिशात. त्या वर्षी त्याच टीममधल्या लू गेरिगचे ४७, म्हणजे दोघांचेच १०७ आणि बाकी सगळ्या टीमचे मिळून ५१. यांकीजचीच २०१८ ची टीम याच्या अगदी उलट, २६७ होमरन पण सगळ्यात जास्त स्टँटनचे ३८, आणि दहा किंवा जास्त मारणारे बारा जण.

आणि हो, १९६१ चे आकडे काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा, यांकीजच्या मॅरिसचे ६१, मँटलचे ५४, सगळ्या टीमचे २४०, पण त्याच वर्षापासून अमेरिकन लीगमध्ये प्रत्येक टीमच्या मॅच १५४ च्या १६२ झाल्या, म्हणून दर मॅचला किती पडले तेच नातवाबरोबर काढून बघा.