नवं वर्कस्टेशन घेतल्यावर जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालेनात. 4 टीबीची तिच्या केसमधून (बाहेरच्या डब्यातून) काढून आत बसवली तर ‘फॉरमॅट करा’ म्हणते, 1 टीबीची छोटी दिसतच नाही. काय करू?

आधी ‘फॉरमॅट’ आणि ‘इनिशियलाइझ’ या दोन्ही खिडक्या कॅन्सल करा. डेटा बहुतेक जागच्या जागी आहे.

मी इंदूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवं मशीन जुळवून देणारा पोरगा मला म्हणाला, “भैया, डब्बा हटा दो, सीधे अंदर लगा देता हूँ.” पसारा कमी होईल म्हणून मीही हो म्हटलं. डिस्क साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या सॉकेटला) लावली आणि फॉरमॅटची खिडकी समोर! एका घरचं अख्खं लग्न त्यात, हळदीपासून पाठवणीपर्यंत.

गोम त्या डब्यातल्या छोट्या सर्किटमध्ये असते. जुन्या, 2 टीबीच्या वरच्या पुष्कळ केसेस विंडोजला सेक्टर (डिस्कवर डेटा मोजायचा सगळ्यात छोटा तुकडा) 4096 बाइटचा आहे असं भासवतात, कारण 512 च्या हिशेबानं डिस्कचे भाग (पार्टिशन) नोंदवायची जुनी एमबीआर पद्धत 2 टीबीच्या पुढे जात नाही. डिस्क थेट मदरबोर्डला जोडली की तेच पार्टिशनचे आकडे 512 नं मोजले जातात आणि सगळे पत्ते चुकतात. काही केसेस तर डेटा एन्क्रिप्टही (कुलूपबंद) करतात, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. त्यामुळे डिस्क तिच्याच डब्यात परत घाला. माझी घातल्याबरोबर उघडली. मग सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, आत बसवायची हौस त्यानंतर.

छोटीचं बहुधा करंटचं दुखणं. तिला वेगळा अडॅप्टर नसतो, यूएसबीवरच जगते; 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. कॅबिनेटचं पुढचं पोर्ट आतल्या लांब वायरीवरून येतं, तिथं आणखी गळती. मागे मदरबोर्डच्याच पोर्टला लावा, हब नको. केबल बदलून बघा; त्या चपट्या रुंद पिनेची केबल फार लवकर ढिली होते. मी सिल्व्हर मॉलमधून आणलेली जादाची एक ड्रॉवरमध्येच ठेवतो.

डिस्क कानाशी धरा. फिरतेय पण ‘धिस पीसी’त नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथं पार्टिशन दिसत असेल आणि नुसतं ड्राइव्हचं अक्षर (D:, E: असं) नसेल तर राइट क्लिक करून द्या. फिरायला लागून टिक-टिक करत थांबत असेल आणि मागच्या पोर्टला, दुसऱ्या केबलनंही तेच, तर लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.