दोन अँप्लिफायर ताडून बघताय?

मायक्रोफोन घ्यायची घाई नको, साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) पुरतो. आधी आवाज जुळवा. जरासा मोठा वाजणारा अँप्लिफायर कानाला उगाच सरस वाटतो.

100 हर्ट्झचा टोन, म्हणजे एकसुरी खालचा आवाज, लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एकावर 2.00 व्होल्ट आले तर दुसऱ्यावर 1.98 ते 2.02 हवेत. नवखे हे नुसत्या कानाने जुळवतात, तिथंच फसतात. दोन्ही अँप्लिफायर एकाच स्पीकरला एकदम मात्र जोडू नका, जळतील!

मग पडद्याआड कुणीतरी नाणं उडवून अँप्लिफायरची अदलाबदल करावी, आणि कुठला वाजतोय ते तुम्ही ओळखावं. 16 पैकी किमान 12 वेळा बरोबर ओळखलंत तरच फरक धरा.

पंखा बंदच हवा. सोलापूरच्या मे महिन्यात ते अवघड, म्हणून पहाटे बसा.