मुलं ससा-कासवाच्या बाहेरची गोष्ट लिहीतच नाहीत. वेगवेगळी पुस्तकं वाचून दाखवली तर फरक पडेल का?

पडतो, मॅडम. तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्ट लिहा म्हटलं की राजा, ससा, लांडगा आणि खाली तात्पर्य, एवढंच वहीत उतरतं, आणि यांना कल्पनाशक्तीच नाही असं शाळेत बोललं जातं. मला हे पटत नाही. आपलं घर, आपली गल्ली, आपलं खाणंपिणं गोष्टीत चालतं, हे त्या मुलांना कुठल्या पुस्तकात दिसलेलंच नसतं. मग ती बिचारी ससाच लिहिणार.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की वर्गातली बरीच मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात थांबतात, बाकीची गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. म्हणजे कोपी (पाचटाची झोपडी), उसाचा फड, बैलगाडी, मजुरांची टोळी नेणारा मुकादम, कारखान्याचा भोंगा, एवढं सगळं बघून आलेली मुलं. आणि वहीत काय? ‘एका जंगलात एक सिंह राहत होता.’

मी सुरुवात माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’पासून केली. घरातल्या एकेका माणसाबद्दल राधा सांगत जाते. घर शहरातलं, मध्यमवर्गीय. आमच्या मुलांचं तसं नाही. तरी चाललं, कारण त्यात राजा नाही, जादू नाही, तात्पर्य नाही. घरातली माणसं कशी वागतात, एवढ्यावर पुस्तक होतं हे मुलांना पहिल्यांदा दिसलं. एक मुलगी म्हणाली, “सर, हिच्या घरी मुकादम येत न्हाई का?” मी म्हटलं, नाही येत, तुमच्याकडं येतो तर सांग कसा येतो. ती उभी राहून मुकादमासारखी चालून दाखवायला लागली, खिशातला मोबाइल काढायची लकब वगैरे सगळं. वर्ग हसून लोळला. लिहिण्याचं मी त्या दिवशी नावही काढलं नाही.

हे महत्त्वाचं आहे. वाचून दाखवलं की लगेच ‘आता तुम्ही लिहा’ म्हणू नका. आधी बोलू द्या, मग चित्र काढू द्या, मग सांगू द्या, आणि सांगताना तुम्ही फळ्यावर लिहून घ्या, मूल बोललं तसंच. ‘न्हाई’चं ‘नाही’ करायला नंतर भरपूर वेळ आहे. एका मुलानं आपल्या बैलाबद्दल सांगितलेलं मी असंच उतरवून घेतलं होतं: “भोंगा वाजला की आमचा सर्जा खालीच बसायचा. गाडी भरल्याली. मागं रांग. लोक शिव्या द्यायचे.” मग? “मग आबानं त्याच्या कानाला टावेल बांधला.” आणि मग? “मग त्यो उठला. पन टावेल सोडू देईना.” यात माझं काय? दोनदा ‘मग’ विचारलं, तेवढंच. व्याकरण सुधारत बसलो असतो तर ‘टावेल’चा ‘टॉवेल’ झाला असता, पण सांगणारा गप्प झाला असता.

पुस्तकं कुठून आणायची? प्रथम बुक्स या प्रकाशनाची ‘स्टोरीवीव्हर’ ही वेबसाइट 2015 पासून आहे. त्यावर मराठीत भरपूर चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, डाउनलोड करून छापताही येतात. इतर भारतीय भाषांतून आलेल्या गोष्टी तिथे भेटतात, म्हणजे समुद्राकाठची, डोंगरातली, दुसऱ्या धर्माच्या घरातली मुलं. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. पालघरच्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला ‘क्वेस्ट’ ही संस्था आहे. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात नट मंडळी मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी शाळाशाळांत जाऊन सादर करतात. त्यांचं काम जमलं तर बघाच, पुस्तक मोठ्यानं कसं वाचायचं ते कळतं. बिनशब्दांची, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळाली तर आधी तीच घ्या. अडखळत वाचणारं पोरसुद्धा तिथे बरोबरीनं बोलतं.

निवडताना मी एकच बघतो: वेगळं मूल गोष्टीत कशासाठी आलंय? चाकाच्या खुर्चीवरची मुलगी फक्त बाकीच्यांना दया शिकवायला आली असेल तर ते पुस्तक मी वर्गात काढत नाही. तीच मुलगी भांडत असेल, खोटं बोलत असेल, पतंग काटत असेल तर जरूर काढतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. पारधी वस्तीवरचं किंवा भटक्या कुटुंबातलं मूल गोष्टीत आलं की ‘अरे, हे तुझ्यासारखंच की’ असं कुणाकडे बघून म्हणू नका. गावात कोण कुठल्या आळीचं हे सगळ्या वर्गाला पाठ असतं. चाळीस डोळे त्या पोराकडे वळतात, आणि त्याला नको असताना ते पोर आख्ख्या समाजाचं प्रतिनिधी होऊन बसतं. ज्याला सांगायचंय तो आपण होऊन सांगतो, कधी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत. नाही सांगितलं तरी बिघडत नाही. हालअपेष्टांची गोष्ट ओढून काढायची आपल्याला काही गरज नाही. ऊसतोडीच्या मुलानं विमानाची गोष्ट लिहिली तर विमानाची.

तयार गोष्टींचं पुस्तक करा. ए-फोर कागद तीनदा दुमडून उलगडायचा, मधे एक काप द्यायचा, पुन्हा घडी घातली की आठ पानं होतात. यूट्यूबवर कृती सापडेल. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात हवं, त्यावर पोरं फार वेळ घालवतात, घालवू द्या. पहिलीची मुलं ही पुस्तकं घरी नेतात, फाडतात, भिजवतात. आमच्या शाळेत विकतची पुस्तकं वसुलीच्या भीतीनं कपाटात कुलूपबंद असायची. फाटलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करता येतात, हे मुख्याध्यापकांना जरा समजावून सांगावं लागलं. मुलांची पुस्तकं मात्र मी साठा रजिस्टरला चढवलेलीच नाहीत.