काकांचा अमृतमहोत्सव: थोड्या सूचना

सप्रेम आशीर्वाद.

काकांच्या पंचाहत्तरीचा बेत कळला. शाल-श्रीफळ जरूर द्या, ती आपली रीत आहे. पण दहा मिनिटांत उरका आणि भाषणं एकावर आणा. इतकी वर्षं ज्यांनी गावाला पक्षी दाखवले, त्यांना त्या दिवशी पोटभर पक्षी दिसले पाहिजेत. सकाळ खाडीवर घालवा आणि दुपारपासून त्यांच्या पक्षीनोंदींच्या वह्या उघडा.

तारीख ठरवताना रविवार नंतर, आधी तिथी बघ. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. मग जवळच्या बंदराच्या तक्त्याशी ताडून घे, कारण जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. या दोन तिथी अशासाठी की सकाळी सातला खाडीच्या तोंडाशी चिखल अजून उघडा असतो. पाणी चढू लागलं की लांब चरणारे चिखल्या, तुतवार, टिलवे हे पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. आपल्याला त्यांच्याकडे जावं लागत नाही. शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचं ऊन पाठीमागून पडतं आणि पायांचा रंगसुद्धा ओळखता येतो. संध्याकाळी त्याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात यातली तिथी येत असेल तर तोही चालेल.

माणसं बारा-पंधराच. भरतीच्या शेवटच्या तासात पक्षी वाळूच्या दांड्यावर दाटीने बसतात. तेव्हा शंभर मीटरच्या आत कोणी जायचं नाही. चरणं थांबवून माना वर झाल्या, की आपण फार जवळ गेलो असं समज. फोटोवाल्यांना हे आदल्या दिवशीच सांग. थवा उगाच उडवला की उत्तरेच्या, थेट सायबेरियापर्यंतच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते. काकांना याचाच सगळ्यात जास्त त्रास होईल.

त्यांच्यासाठी हात टेकायची खुर्ची ने आणि खाली फळी टाक, नाहीतर पाय वाळूत रुततात. टेलिस्कोप वाकड्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) हवा, म्हणजे बसल्या जागी मान न ताणता डोळा लागतो. सुरुवात २० पटीवर करून पक्षी आधी तू पकडून दे. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे त्या भिंगाभोवतीची कडी, आत फिरवून ठेव. हात थरथरत असतील तर १० पटीच्या ऐवजी ८ पटीची (८×४२) दुर्बीण दे. पट वाढली की थरथरही वाढते. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. भारद्वाजाचं घुमणं त्यांना कळेल, फुलटोच्याची टिकटिक कदाचित नाही. ओरडून सांगू नकोस. शेजारी बसून ‘दोनच्या काट्यावर, वाकड्या माडाच्या उजवीकडे’ एवढं सांग.

आता वह्या. खरा सत्कार हाच आहे. मृगाच्या आत हे काम संपव, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. आधी पेन्सिलीने पानांना क्रमांक घाल. चिकटपट्टी लावू नकोस, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल पानाला समांतर धरून एका फोटोत एकच पान घे. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दे. दोन प्रती कर, एक गावाबाहेर ठेव.

मग नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढव. तारीख आणि जागा माहीत आहे पण वेळ, अंतर नाही, अशा याद्या ‘हिस्टॉरिकल’ प्रकारात जातात. ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का, या प्रश्नाला खात्री नसेल तर ‘नाही’ म्हण. संख्या नसेल तिथे एक्स, म्हणजे ‘दिसला, पण मोजला नाही’. अंदाजाचे आकडे घालशील तर वही बिघडवशील. जुनी नावं अडवतील: २०२३ मध्ये ईबर्डने लेसर सँड प्लोव्हर या चिखल्याचे सैबेरियन आणि तिबेटन असे दोन पक्षी केले. काकांच्या नोंदीचं आज कोणत्या एकात रूपांतर करू नकोस, त्यांनी लिहिलं तसंच टिपणात ठेव. गावठी नावंही तशीच.

गिधाडांची नोंद आली की थांब. कुठलं झाड, मेलेली गुरं कुठे टाकायचे, हे विचार. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांचा घात केला; जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६मध्ये. त्याआधी तुमच्या गावावर किती घिरट्या घालत होती, ते या वह्यांतच सापडेल. समुद्री गरुडाच्या घरट्यांच्या जागा मात्र जाहीर करायच्या नाहीत. तो वर्षानुवर्षं त्याच झाडावर येतो आणि मग माणसंही येतात.

फोटो काढून झाले की मूळ वह्या सुती कापडात गुंडाळून त्याच आठवड्यात परत कर. अक्षर लागलं नाही तर त्यांनाच वाचायला दे आणि ते वाचत असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेव.

काकांना नमस्कार सांग.