पोर्ट्रेटमागे वेगळ्या धाटणीची इमारत असेल तर ती धूसर करावी का? लेन्स कोणती घ्यावी?

नको. धूसरच करायची तर तिथवर गेलात कशाला? गल्लीतलं पत्र्याचं दार काय वाईट होतं!

प्रश्न वाचला आणि खपली निघाली. मी बारा वर्षं एका स्टुडिओत कामाला होतो. मालकांचं एकच पालुपद : "मागचं उडव. गिऱ्हाईक चेहऱ्याचे पैसे देतं, भिंतीचे नाही." म्हणजे ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८ आणि मागे साबणाचा फेस. मीही मुकाट्याने तेच करायचो.

मग मामेबहिणीची पीएचडी झाली. ती आयुकात होती, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी उभारलेल्या त्या वास्तूच्या भिंती एकदा जवळून बघाच. खाली काळा बसॉल्ट, त्यावर कडप्पा आणि माथ्यावर चकाकता काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ उतरतं. तीन तऱ्हेचा काळा. आभाळ अभ्यासणाऱ्यांना याहून शोभणारा रंग कोणता? मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. आणि मी काय केलं? सगळं उडवलं.

फोटो बघून ती म्हणाली, "दादा, हा अलका टॉकीजच्या चौकात काढला असतास तरी असाच आला असता."

पुढच्या रविवारी परत गेलो. ३५ची लेन्स, अ‍ॅपर्चर ८, म्हणजे मागचंही स्पष्ट, आणि तिच्यापासून बारा-तेरा फूट लांब. (३५ने नाक मोठं येतं म्हणणारे फार जवळ जातात, दोष अंतराचा. फक्त माणसाला अगदी कडेला नेऊ नका, ताणला जातो.) तरी पहिले दहा फोटो फुकट गेले. समोर एवढं काळं बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बावचळला. भिंत राखाडी आणि बहिणीचा चेहरा पांढराफटक. एक्स्पोजर दीड स्टॉप खाली ओढलं, म्हणजे उजेड कमी घेतला, तेव्हा कुठे काळं काळं दिसलं. शिवाय तो दगड उजेड पितो, त्यामुळे भिंतीकडचा गाल अंधारात. मामा गालावर उजेड परतवायला थर्माकोल घेऊन पुढे सरसावले, तर ती म्हणाली, "राहू द्या बाबा, अष्टमीचा चंद्र आहे." तोच फोटो ठेवला.

मालकांनी तो हातात घेतला नि विचारलं, "यात माणूस कुठाय?" तेव्हा गप्प बसलो, कारण फोटोग्राफर अर्नोल्ड न्यूमन हे नाव मला ठाऊक नव्हतं. १९४६ साली त्याने संगीतकार स्त्राविन्स्कीचा फोटो काढला. चौकटभर पियानोचं उघडं काळं झाकण आणि स्त्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात, हाताला डोकं टेकवून. विचारा म्हणावं त्याला, माणूस कुठाय!

हां, मागे जाहिरातीचे फलक नि लोंबत्या वायरी असतील तर खुशाल उडवा. पासपोर्ट, स्थळासाठीचा फोटो, तिथे मालकच बरोबर. आणि अशा संस्थांमध्ये कॅमेरा काढण्याआधी परवानगी घ्या, तिथे लोक काम करत असतात.

मामीने मात्र हॉलमध्ये पहिलाच फोटो लावलाय. म्हणते, यात पोरीचं तोंड तरी दिसतं.