किरकोळ म्हणजे नक्की काय?

रत्नागिरीत नवीन आलायस आणि मराठी शिकतोयस, तर "किरकोळ" हा शब्द आधी नीट पकड, दिवसभर कानावर पडेल. बिनमहत्त्वाचं हा अर्थ बरोबरच आहे पण तेवढ्यावर थांबू नकोस. दुकानाच्या पाटीवर "घाऊक व किरकोळ विक्रेते" असतं ना, तिथे तो सुट्या विक्रीचा शब्द, माल हलका असं अजिबात नाही. ऑफिसात किरकोळ रजा म्हणजे कॅज्युअल लीव्ह. आणि "किरकोळ अंगाचा आहे" म्हणजे माणूस बारीक आहे, बस.

भांडणाच्या कारणाला क्षुल्लक म्हण, पिशवीतल्या इकडच्या तिकडच्या सामानाला सटरफटर. माणसाला मात्र यातलं काही लावू नकोस, चिल्लर तर नकोच, फार लागतं ते.

दुसऱ्याच्या कष्टाच्या वस्तूलाही जपून. मी एकदा बाजारात सुक्या मासळीवाल्या मावशीला "एवढंच किरकोळ उरलंय का" विचारलं, टोपलीत वाळवून, काडीकचरा निवडून ठेवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, होता, तिचा चेहराच उतरला, मला अजून वाईट वाटतं. तिथे नुसतं "थोडाच उरलाय का मावशी" म्हणायचं.