जीसीसी द्यायचं की जी++? शेवटची ओळ सांगते

थोडक्यात तुझी अडचण अशी: सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पट्टी (वजन, दर, हमाली, तोलाई) काढणारा सी++ प्रोग्राम टर्बोवर (जुना सी++ कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) चालत होता, उबुंटू लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला 'जीसीसी पट्टी.सीपीपी' अशी कमांड दिली की 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसटीडी सीआउट' अशा ओळींचा मारा होतो. (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, फक्त -वॉलमधला डब्ल्यू मोठा.)

तुझा कोड बरोबर आहे. आयओस्ट्रीम.एच आणि व्हॉइड मेन ही टर्बोची जुनी पद्धत काढून टाकलंस तेही बरं केलंस, नाहीतर गाडी आधीच अडली असती. आता एररच्या सगळ्यात खालची ओळ बघ: 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. एलडी म्हणजे लिंकर, कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडून चालणारा प्रोग्राम बनवणारा. वरच्या ओळींत टीएमपी फोल्डरमधल्या .ओ फाइलचं नाव आहे, म्हणजे कंपाइल होऊन ऑब्जेक्ट फाइल तयारसुद्धा झाली. .सीपीपी बघून जीसीसीने भाषा नीट ओळखली, पण लिंक करताना सी++ची स्टँडर्ड लायब्ररी जोडली नाही. ती आपणहून जोडतं ते जी++, जीसीसीचीच सी++साठीची कमांड. म्हणून:

जी++ -वॉल पट्टी.सीपीपी -ओ पट्टी

मग ./पट्टी. ते डॉट-स्लॅश बरेच जण विसरतात. -वॉल (संशयास्पद कोडबद्दल इशारे दाखवणारा पर्याय) मात्र सोडू नकोस, निम्म्या चुका तिथेच कळतात.

'मग सगळीकडे जी++च वापरू का?' असं तू पुढे विचारलंयस. नको. ते .सी फाइललाही सी++ समजतं, आणि मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) दिलेला पॉइंटर कास्ट न करता, म्हणजे त्याचा प्रकार न बदलता ठेवलास की लगेच अडतं. सी साठी जीसीसीच. तिथला नेहमीचा खड्डा म्हणजे चक्रवाढ व्याजाला लागणारं पॉव हे घात काढणारं फंक्शन. त्यासाठी -एलएम (गणिताची लायब्ररी जोडणारा पर्याय) हवं, आणि तेही फाइलच्या नावानंतर. आधी लिहिलंस तर उबुंटूवर पुन्हा तीच अनडिफाइन्ड रेफरन्सची रड. गंमत म्हणजे पॉवमध्ये थेट आकडे लिहिले तर बहुतेक वेळा -एलएमशिवायही चालतं, कारण कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो. व्हेरिएबल आलं की बिंग फुटतं.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमनने जीसीसी आणलं तेव्हा ते फक्त सी साठी होतं. आज त्याच कुटुंबात फोर्ट्रानसाठी जीफोर्ट्रान आहे. फोर्ट्रान लिहिणाऱ्या तुझ्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मित्राला तेच सांग, फक्त नव्या पद्धतीच्या कोडला .एफ९० नाव दे म्हणावं, नुसतं .एफ दिलं तर जुन्या कॉलमच्या नियमांनी वाचलं जातं.

जावाचं वेगळं. जावासी .जावा फाइल घेतं आणि .क्लास बनवतं, चालवताना 'जावा पट्टी', मागे .क्लास लावायचं नाही. २०१८च्या जावा ११पासून एकाच फाइलचा प्रोग्राम थेट 'जावा पट्टी.जावा' असाही चालतो. पायथनला असं कंपाइल करावं लागत नाही, पायथन३ आणि फाइलचं नाव, बस्स.

सी किंवा सी++मध्ये तरीही गोंधळ झालाच तर फोल्डरमध्ये फक्त 'मेक पट्टी' देऊन बघ, मेकफाइलशिवाय (मेकला सूचना देणारी फाइल). एक्स्टेन्शन पाहून योग्य कमांड ते स्वतः निवडतं आणि स्क्रीनवर छापतंही. मी कराडला शिकाऊ पोरांना आधी हेच करायला लावतो.

पुढच्या वेळी एरर कॉपी करून टाक रे, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको.